टॅली ७.२ पासून टॅलीप्राइम ५ पर्यंत: नऊ महिने वापरल्यावर

जयसिंगपूरला पाइप, मोटारपंप आणि ठिबकच्या सामानाचं दुकान आहे. दुकान मालकांचं, पण हिशेब चौदा वर्षं मी बघते, त्यामुळे तोंडात ‘आमचं दुकान’ असंच येतं. २००६ पासून हिशेबाचं सॉफ्टवेअर टॅली ७.२, मग २०११ पासून टॅली ईआरपी ९. २०२४ च्या ऑक्टोबरात सगळं टॅलीप्राइम ५ या त्याच्याच नव्या आवृत्तीवर आणलं. आता त्यावर एक मार्चएंडसुद्धा निभावला, म्हणून लिहितेय. ज्यांच्याकडे अजून ईआरपी ९ चालू आहे आणि कपाटात त्याहून जुना डेटा पडलाय, त्यांच्या उपयोगी पडावं.

बदलायची गरज ई-इनव्हॉइसमुळे पडली. उलाढाल ५ कोटींच्या वर गेली आणि एप्रिल २०२४ पासून दुसऱ्या जीएसटीधारक व्यापाऱ्याला दिलेल्या प्रत्येक बिलाचा आयआरएन, म्हणजे सरकारी पोर्टलवरून मिळणारा नोंदणी क्रमांक, काढणं आलं. सहा महिने मी टॅलीत बिल करायची आणि तेच बिल पोर्टलवर पुन्हा भरायची. उन्हाळ्यात, पंपाच्या सीझनला, रात्री साडेनऊपर्यंत बसून.

मालक म्हणाले, “ताई, माणूस बोलावू, एका दुपारी टाकून देईल.” मी हट्टाने थांबवलं. सॉफ्टवेअर टाकायला एक दुपार पुरते, त्याबद्दल वाद नाही. पण डेटा एकदा नव्या रिलीजमध्ये मायग्रेट झाला की जुनी टॅली तो उघडत नाही. ईआरपी ९ च्या डेटा फाइली .९०० च्या असतात, प्राइम ३ पासून पुढे .१८०० च्या. परत फिरायचं तर बॅकअप एवढाच रस्ता, आणि मधल्या दिवसांच्या एंट्र्या पुन्हा माराव्या लागतात. म्हणून तारीख आधी ठरवली.

२० सप्टेंबर २०२४ ला शुक्रवार होता. त्या दिवशी ऑगस्टचं ३बी, म्हणजे जीएसटीचं महिन्याचं रिटर्न, भरून मोकळी झाले आणि शनिवार-रविवारी डेटाच्या कॉपीवर रंगीत तालीम केली. पितृपक्ष चालू होता, गिऱ्हाईक कमी. मालकांच्या आईंना मात्र पटेना. पितृपक्षात नवीन काही सुरू करायचं नाही, हे त्यांचं ठाम. मग असं ठरलं की २ ऑक्टोबरला सर्वपित्री अमावस्येला जुना डेटा फक्त हलवायचा आणि नवीन बिलबुक घटस्थापनेला, ३ तारखेला उघडायचं. आईंचंही राहिलं आणि मला गांधी जयंतीची सुट्टी मिळाली. हिशेबाच्या बाजूनेही ही तारीख चांगली पडली, सहामाही नुकतीच संपलेली होती.

तालमीच्या आधी ईआरपी ९ मध्येच डेटा एकदा कंट्रोल ऑल्ट आर दाबून रीराइट केला, त्याचा बॅकअप दोन ठिकाणी ठेवला. मग कागद काढले: ट्रायल बॅलन्स, स्टॉक समरी, बिलवार येणी-देणी आणि एप्रिलपासूनचा महिनावार जीएसटीआर-१ (विक्रीचं जीएसटी रिटर्न). छापील कागद, सही-तारखेसकट. मायग्रेशननंतर हेच रिपोर्ट प्राइममधून काढले आणि पट्टी ठेवून ओळ न् ओळ टिक केली. या सगळ्या कामातलं एकच सांगायचं झालं तर मी हे सांगेन. स्क्रीनवर कंपनी उघडली म्हणजे डेटा आला असं समजू नका, आकडा आकड्याला लागू द्या.

ट्रायल बॅलन्स पैशासकट जुळला. जीएसटीआर-१ मध्ये मात्र ३७ व्हाउचरं ‘अनसर्टन ट्रान्झॅक्शन्स’मध्ये, म्हणजे दुरुस्तीच्या यादीत, जाऊन बसली. एकेक उघडली. कुठे पार्टीचं राज्यच भरलेलं नाही, कुठे निपाणीच्या गिऱ्हाइकाला महाराष्ट्र लावलेलं, दोन ठिकाणी जीएसटी नंबरात ओ आणि शून्याची अदलाबदल. चुका आमच्याच होत्या, वर्षानुवर्षं बसलेल्या. दोन संध्याकाळी त्यात गेल्या, पण पार्टी मास्टर इतकं स्वच्छ आधी कधीच नव्हतं.

दुसरी जागा व्हाउचर नंबरची. ऑटोमॅटिक नंबरिंगमध्ये मधलं बिल डिलीट केलं की पुढचे नंबर सरकायचे, हे जुन्या टॅलीवर बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. गिऱ्हाइकाच्या हातातल्या बिलावर २१४ आणि आपल्या वहीत २१३! आता व्हाउचर टाइपमध्ये मूळ नंबर कायम ठेवायचा पर्याय आहे. आम्ही सेल्स, क्रेडिट नोट, डिलिव्हरी नोट असा एकेक टाइप उघडून तो लावून घेतला.

चलनाचा छापही आधी बघा. आमच्या डिलिव्हरी चलनावर मोटारीचा मशीन नंबर येतो, त्यासाठी कधीकाळी एकाकडून टीडीएल (टॅलीला जोडायचा छोटा प्रोग्राम) करून घेतली होती. तालमीत ती चालली नाही. करून देणाऱ्याने धंदा बंद केलेला, मूळ कोड आमच्याकडे नाही, हातात फक्त बांधलेली .टीसीपी फाइल. नव्याने करून घ्यायला आठ दिवस लागले. मशीन नंबरशिवाय मोटारीचा वॉरंटी क्लेम होत नाही, त्यामुळे हे ३ तारखेच्या सकाळी कळलं असतं तर काउंटर थांबला असता. टीएसएस (टॅलीचं सबस्क्रिप्शन) संपलेलं होतं, ते आधीच भरून घेतलं. गोडाऊनचा संगणक ३२ बिट विंडोजचा, त्यावर प्राइम चालत नाही, तो बदलला.

आता ७.२ चं. गोडाऊनच्या जागेची २००८ ची खरेदी, त्यावरचा खर्च, जुन्या भागीदारांचं भांडवल हे सगळं त्या डेटात. सीए म्हणाले, कधी जागा विकायची वेळ आली तर हेच आकडे लागतील. ७.२ चा डेटा प्राइममध्ये थेट जात नाही. मायग्रेशन टूलने आधी ईआरपी ९ मध्ये आणायचा, तिथे ट्रायल बॅलन्स जुळवायचा, मग प्राइममध्ये. पाच वर्षांपैकी चार वर्षं अशी आली. पाचव्या कंपनीच्या नावाच्या जागी नुसत्या चांदण्या. टॅली व्हॉल्ट, म्हणजे पासवर्डचं कुलूप, लावलेलं होतं, आणि त्याचा पासवर्ड हरवला तर डेटा कायमचा गेला.

माझ्या आधी हिशेब बघणारे काका आता शिरोळला असतात, वय अठ्ठ्याहत्तर. फोन केला. “आठवत नाही गं,” म्हणाले. मी म्हटलं, काका, राहू दे, आठवलं तर कळवा. अर्ध्या तासाने त्यांचाच फोन. “माझ्या स्कूटरचा नंबर टाकून बघ. एमएच ०९ पासून, मध्ये जागा सोडू नकोस.” चांदण्या गेल्या आणि दुकानाचं नाव आलं. मला खरंच भरून आलं. गोडाऊनची खरेदी त्याच वर्षातली होती. आता सगळ्या कंपन्यांचे पासवर्ड बंद पाकिटात मालकांच्या तिजोरीत आहेत.

एक चूक माझ्याकडून झाली. काउंटरच्या लॅपटॉपवर ईआरपी ९ चं आयकॉन तसंच राहिलं. ४ ऑक्टोबरला काउंटरवरच्या पोराने सवयीने तेच उघडलं आणि अकरा चलनं जुन्या डेटात केली. संध्याकाळी स्टॉक लागेना तेव्हा कळलं. त्या रात्री आयकॉन काढलं, जुन्या फोल्डरचं नाव बदललं आणि अकराही चलनं नव्याने मारली. हे २ तारखेलाच करायला हवं होतं.

रोजच्या वापराचं सांगायचं तर पहिले तीन आठवडे बोटं ऐकत नव्हती. क्रेडिट नोट कंट्रोल एफ८ वरून ऑल्ट एफ६ वर गेली, सविस्तर रिपोर्टसाठी ऑल्ट एफ१ ऐवजी ऑल्ट एफ५. मॉनिटरखाली चिठ्ठी चिकटवली होती, दिवाळीनंतर काढून टाकली. ऑल्ट जी मात्र आता सोडवत नाही. कुठल्याही स्क्रीनवरून हवं ते लेजर नाव टाइप करून उघडतं. आयआरएन बिलाच्या जागीच निघतो, क्यूआर कोडसकट छापून येतो. जीएसटीआर-१ टॅलीतूनच अपलोड होतो आणि २बी (पुरवठादारांनी भरलेल्या बिलांची पोर्टलवरची यादी) उतरवून खरेदीशी जुळवता येतं. ज्या कामाला माझे दोन दिवस जायचे ते आता जेवणाच्या सुट्टीपर्यंत उरकतं. मार्चएंडला सीएंकडून शंकांचा कागद आला तो एका पानाचा.

रिलीज ६ आलंय, त्यात बँक थेट जोडायची सोय आहे. मालक विचारतायत कधी टाकायचं. मी २० ऑगस्टनंतरचा शनिवार सांगितलाय, आधी कॉपीवर. टीडीएल आताच तपासायला दिली आहे, आणि यावेळी मूळ कोड आमच्याकडे आहे.