पाच वर्षांचा स्वस्त टीव्ही दुरुस्त करून घेतला: अकरा महिन्यांच्या वापरानंतर

2020 च्या दिवाळीत आम्ही 32 इंची एलईडी टीव्ही 9,990 रुपयांना घेतला होता. कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण या दराच्या बहुतेक टीव्हींची आतली रचना जवळपास सारखीच असते. जुलै 2025 मध्ये एका संध्याकाळी बातम्या चालू असताना पडदा काळा झाला. आवाज मात्र व्यवस्थित येत राहिला. बंद करून पुन्हा चालू केला की क्षणभर चित्र उमटायचे आणि परत अंधार व्हायचा. कंपनीच्या सेवा केंद्रातून आलेल्या माणसाने भेटीचे 400 रुपये घेतले, मागचे झाकण न उघडताच पॅनेल, म्हणजे चित्र उमटवणारी काच, गेल्याचे सांगितले आणि 6,800 रुपये अधिक जीएसटी असा खर्च कळवला. त्याचे म्हणणे खरे धरले असते तर टीव्ही भंगारातच गेला असता, आणि भंगारवाला त्याचे 300 रुपये देत होता.

पॅनेल खरोखर गेले आहे का, हे घरच्या घरी पाहता येते, हे मला आमच्या भागातल्या टीव्ही दुरुस्त करणाऱ्या एका जुन्या कारागिराने फोनवर सांगितले. ‘‘साहेब, आवाज येतोय ना? मग खोलीतले दिवे घालवा आणि मोबाइलचा टॉर्च पडद्याजवळ तिरका धरून बघा.’’ तसे केल्यावर टॉर्चच्या उजेडाच्या गोलात निवेदिकेचा चेहरा पुसटसा दिसला आणि खालच्या पट्टीतली अक्षरे सरकताना दिसली. म्हणजे चित्र तयार होत होते, पण त्यामागचा उजेड गेला होता. आपण ज्याला एलईडी टीव्ही म्हणतो त्यात चित्र एलसीडी काचेवर उमटते. ती काच स्वतः प्रकाश देत नाही, तिच्यामागे एलईडीच्या पट्ट्या असतात. स्वस्त टीव्हीत हे सगळे एलईडी बहुधा एकामागोमाग एकाच माळेत जोडलेले असतात, त्यामुळे एक जळून जोडणी तुटली तरी सगळी माळ बंद पडते. तुटलेली जोडणी कधी क्षणभर लागते, पण बिघाड लक्षात येताच आतले सर्किट वीजपुरवठा तोडते, म्हणून चित्र क्षणभरच दिसते.

दुसऱ्या दिवशी टीव्ही त्याच्या दुकानात नेला आणि त्याच्या परवानगीने शेजारी बसून राहिलो. त्याने जाड चादर अंथरली, मागचे झाकण काढले आणि काच उचलण्यापूर्वी मला स्पष्ट सांगितले की काच कागदासारखी पातळ असते, ती उतरवताना तडकली तर टीव्ही संपला, आणि ही जोखीम मान्य असेल तरच पुढे जाऊ. हे आधी न सांगणाऱ्या माणसाकडे मी टीव्ही कधीच देणार नाही. काचेखाली दुधी रंगाचे तीन पातळ पडदे निघाले आणि त्यांच्या तळाशी दोन पट्ट्या, प्रत्येकीवर सहा एलईडी. प्रत्येक एलईडीवर लहान वाटीसारखे पारदर्शक भिंग चिकटवलेले होते. टेस्टर लावत तो एकेक एलईडी पेटवून पाहत गेला. वरच्या पट्टीतला चौथा पेटला नाही. त्याच्या पिवळ्या ठिपक्याच्या मधोमध मोहरीएवढा काळा डाग होता.

तेवढा एकच एलईडी शंभर-दीडशे रुपयांत बदलून मिळाला असता. त्याने तसे करू नये असे सुचवले, कारण बाकीचे अकराही तितकेच तापून निघालेले होते आणि पुन्हा काच उघडणे म्हणजे पुन्हा तीच जोखीम. पट्टीवर छापलेला क्रमांक जुळवून त्याने पुण्याच्या बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून पट्ट्यांचा नवा जोड मागवला. जोडाचे 550 आणि मजुरीचे 900 असे एकूण 1,450 रुपये झाले. शिवाय बोर्डावरचा एक लहान रेझिस्टर (विजेचा प्रवाह ठरवणारा सुटा भाग) काढून त्याने पट्ट्यांना जाणारा प्रवाह थोडा कमी केला. किंमत कमी ठेवायची तर मोजकेच एलईडी बसवले जातात आणि पडदा उजळ दिसावा म्हणून ते क्षमतेच्या टोकाला चालवले जातात. त्यांच्या लवकर जळण्याचे हे मोठे कारण आहे. मेनूमधली बॅकलाइटची, म्हणजे मागच्या उजेडाची, पातळीही 100 वरून 60 वर आणायला त्याने सांगितले आणि ती आजही तिथेच आहे.

अकरा महिन्यांत टीव्ही रोज चार-पाच तास चालला आणि एकदाही बंद पडला नाही. उणिवा आहेत. पांढरा रंग पूर्वीपेक्षा किंचित निळसर दिसतो, दुपारी खिडकी उघडी असली की चित्र फिके वाटते, आणि डाव्या कोपऱ्यात आत राहिलेला धुळीचा एक कण पांढऱ्या पार्श्वभूमीवर जाणवतो. आईला मालिका पाहताना यातले काहीच खटकत नाही. मला क्रिकेट पाहताना फिकेपणा खटकतो.

हिशेब मी असा मांडला. तसाच नवा टीव्ही 10,500 रुपयांना पडला असता आणि तो पाच वर्षे टिकेल असे धरले तर महिन्याला 175 रुपये होतात. म्हणजे 1,450 रुपये साडेआठ महिन्यांच्या आत वसूल झाले. दुरुस्तीनंतर दोनच महिन्यांनी, 22 सप्टेंबर 2025 पासून, मोठ्या टीव्हींवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला, तेव्हा आपण घाई केली का, असा प्रश्न घरात निघाला. पण 32 इंचांपर्यंतच्या टीव्हींवर 2019 पासूनच 18 टक्के कर होता, त्यामुळे आमचे गणित बदलले नाही.

बहिणीचा अनुभव मात्र याच्या उलट आहे आणि तो सांगितल्याशिवाय हे लेखन अपुरे राहील. तिच्या तशाच टीव्हीचा मुख्य बोर्ड विजेच्या चढउतारात जळला. मूळ बोर्ड मिळत नसल्याने 1,900 रुपयांत युनिव्हर्सल, म्हणजे अनेक मॉडेलना चालणारा, बोर्ड बसवला गेला. सुरुवातीला चित्र उलटे आले, ते सर्व्हिस मेनूतून सरळ करता आले; पण वायफाय आणि ॲप कायमची गेली, रिमोट बदलला आणि आवाज चिरका झाला. अशा बोर्डावर पॅनेलला द्यायचा विजेचा दाब 3.3, 5 की 12 व्होल्ट हे जंपर (दोन पिना जोडणारी लहान टोपी) लावून ठरवावे लागते आणि त्यात चूक झाली तर चांगले पॅनेलही जळू शकते. सहा महिन्यांत तिने नवा टीव्ही घेतला. बोर्ड जळला असेल तर त्याच मॉडेलचा बोर्ड मिळतो का हे आधी विचारावे; मिळत नसेल तर पैसे घालू नयेत असे माझे मत आहे. काच फुटली असेल किंवा पडद्यावर उभ्या रेघा कायम दिसत असतील, तर विचारही करू नये, कारण पॅनेल हीच टीव्हीच्या किमतीतली सर्वांत मोठी बाब असते. याउलट टीव्ही अजिबात चालू होत नसेल तर घाबरू नये. अनेकदा वीजपुरवठ्याच्या भागातला कपॅसिटर हा वीस रुपयांचा सुटा भाग फुगलेला असतो.

माझ्या टीव्हीतली ॲप आता फार मंद चालतात. त्यासाठी स्ट्रीमिंग स्टिक घेतली तर आणखी तीन-चार हजार जातील, आणि तो खर्च मी या टीव्हीवर करणार नाही. सेट टॉप बॉक्सवर तो उत्तम चालतो. पट्ट्या पुन्हा गेल्याच तर निदान एकदा तरी बदलून घेईन. म्हणून पट्टीचा क्रमांक, एलईडींची संख्या आणि बदलल्याची तारीख एका कागदावर लिहून तो मागच्या झाकणाला चिकटवून ठेवला आहे.