छत्री घेऊन चंद्रावर: 'टुनाइट, टुनाइट'चा व्हिडिओ परत बघताना

स्मॅशिंग पंपकिन्स ह्या अमेरिकन रॉक बँडच्या 'टुनाइट, टुनाइट' गाण्याचा व्हिडिओ ज्यांनी अजून बघितला नाही त्यांनी आधी तो बघून या, बँडच्या ऑफिशियल यूट्यूब चॅनलवर फुकट आहे, सव्वाचार मिनिटांचं काम. फक्त मोबाईलच्या स्पीकरवर नको, हात जोडतो. गाण्यात शिकागो सिम्फनी ऑर्केस्ट्राच्या तीसेक वादकांची व्हायोलिनं-चेलो आहेत आणि मोबाईलवर त्यांचा नुसता चरचराट होतो. हेडफोन लावा नायतर टीव्हीला जोडा.

बघितला? आता बोलू.

अल्बम 1995 चा, मेलन कॉली अँड द इन्फिनिट सॅडनेस, डबल अल्बम, 28 गाणी, आणि व्हिडिओ 1996 चा. त्या टायमाला ऑल्टरनेटिव्ह रॉकचे व्हिडिओ म्हणजे कुठलंतरी अंधारं गोडाऊन, केस तोंडावर आणि कॅमेऱ्यात बघून ओरडणं. ह्यांनी काय केलं तर सरळ 1902 सालात उडी मारली. जॉर्ज मेलिएस म्हणून एक फ्रेंच जादूगार होता, त्याची 'अ ट्रिप टू द मून' ही मूकपट जमान्यातली छोटी फिल्म, ती धरून अख्खा व्हिडिओ रचलाय. हवाई जहाजातनं एक जोडपं निघतं, छत्र्या उघडून चंद्रावर उडी टाकतं, तिथले प्राणी त्यांना घेरून बांधून घालतात, मग छत्रीचा एक एक दणका आणि प्राण्याचा फुस्सकन धूर! पुढं रॉकेटनं पळून समुद्रात, समुद्राचा राजा यांना जलपऱ्यांचा कार्यक्रम दाखवतो, आणि शेवटी एक बोट येऊन उचलून नेते. बोटीचं नाव नीट वाचा, एस. एस. मेलिएस.

मला ह्यातलं सगळ्यात आवडतं ते म्हणजे काहीही लपवलेलं नाही. ढग रंगवलेले आहेत ते दिसतंय, चंद्राचे डोंगर कापून उभे केलेत ते दिसतंय, समुद्राच्या तळाचा पडदा हा पडदाच आहे. तरी तुम्ही गुंगता. गणपतीत तालमीचा हलता देखावा बघायला रात्री लाईनीत उभं राहतो तेव्हा राक्षसाच्या हाताची मोटर ऐकू येत असतेच की, म्हणून काय मजा कमी होते का, उलट पोरं आधी मोटर कुठाय तेच शोधतात. तसंच.

आणि कोल्हापूरच्या माणसाला तर हे जास्तच कळायला पाहिजे असं माझं मत. बाबूराव आणि आनंदराव पेंटर ही जोडी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवता रंगवता सिनेमाकडं वळली. आनंदराव 1916 ला गेले, तरी बाबूराव थांबले नाहीत, 1917 ला महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि सोबतीच्या विष्णुपंत दामलेंना हाताशी घेऊन कॅमेरासुद्धा इथंच बनवला. विकत नाही आणला राव, बनवला! त्याची आठवण म्हणून खरी कॉर्नर चौकात उभ्या असलेल्या कॅमेरा स्तंभावरनं आपण रोज गाडी मारतो, मान वळवून बघत नाही हा भाग वेगळा. मेलिएसपण स्टेजवरनंच सिनेमात आलेला, त्यामुळं त्याच्या फिल्ममध्ये नाटकाचा पडदा आणि जादूचे प्रयोग दोन्ही आहेत, आणि पंपकिन्सच्या व्हिडिओत नेमका तोच वास पकडलाय. आजकाल बटण दाबलं की ग्रह तयार होतो, बघितला की विसरला.

डायरेक्टर म्हणजे जोनाथन डेटन आणि व्हॅलरी फॅरिस, नवराबायको. आधी प्लॅन वेगळाच होता, शॅम्पेनच्या ग्लासात उड्या मारणाऱ्या बायका वगैरे जुन्या हॉलिवूड नाचगाण्याचा थाट, पण तसलंच काहीतरी रेड हॉट चिली पेपर्स ह्या दुसऱ्या बँडनं 'एरोप्लेन'च्या व्हिडिओत करून टाकलं म्हणून तो गुंडाळला. बरं झालं गुंडाळला. मग जुन्या काळातले कपडे गोळा करायला गेले तर लॉस एंजेलिसमधला त्या काळचा बराचसा माल जेम्स कॅमेरॉनच्या 'टायटॅनिक'साठी आधीच भाड्यानं गेलेला, म्हणजे बघा, भाड्याच्या कपड्यांची टंचाई हॉलिवूडलापण.

जोडपं झालेत टॉम केनी आणि जिल टॅली, हे पण खरोखरचे नवराबायको, आणि केनी म्हणजे पुढं ज्यानं कार्टूनमधल्या स्पंजबॉबला आवाज दिला तो. इथं आवाज नाही, सगळं हातवारे आणि डोळे मोठे करून, पण कुठं माकडचाळे वाटत नाहीत. टॅलीचा घाबरलेला चेहरा तर एकदम जुन्या मूकपटातल्या हिरॉईनचा.

तक्रार आहे का? आहे. बँड ढगांवर उभा राहून वाजवतो ते शॉट जरा जास्त झालेत, गोष्ट रंगात आली की कट टू बँडचा गायक बिली कॉर्गन. प्राण्यांशी मारामारी चाललेली असताना मला गाणारा टकलू बघायचा नाही, सॉरी. आणि त्याचा आवाज. नाकात गातो म्हणून आमच्या ग्रुपमधले निम्मे लोक दहा सेकंदात बंद करायला लावतात, त्यांना मी एवढंच सांगतो की ड्रम ऐका. ड्रमर जिमी चेंबरलिन व्हायोलिनांच्या खाली जे लष्करी बँडसारखं वाजवतो त्यानं गाणं पळतं, नाहीतर हे सगळं लग्नाच्या हॉलमधलं गोड म्युझिक झालं असतं.

एमटीव्हीनं 1996 ला ह्याला 6 अवॉर्ड दिले, व्हिडिओ ऑफ द इयर धरून. रेटिंग द्यायचंच तर पाचपैकी साडेचार, अर्धा त्या ढगांवरच्या शॉटसाठी कापला.

हा आवडला तर लगेच त्यांचाच '1979' लावा, डायरेक्टर हीच जोडी, पण पूर्ण उलटा माल, गाडीतनं उंडारणारी पोरं, दुकानं, पार्टी. त्यातल्या पार्टीच्या सीनच्या टेप गाडीच्या टपावर ठेवून कुणीतरी तशीच गाडी काढली आणि सगळं शूटिंग रस्त्यावर गेलं, परत जाऊन सीन नव्यानं करावा लागला. आता तो बघताना सांगा, दुसऱ्यांदा केलेली पार्टी वाटते का ती?