पोटगी वाढवून घ्यायला मोफत वकील मिळाला: तालुका विधी सेवा समितीचा माझा अनुभव

पाचपैकी चार तारे. एक का कापला तेही लिहिते.

मुलगी तीन वर्षांची होती तेव्हा कोर्टाने तिला महिना अडीच हजार पोटगी लावली. आता ती नववीत आहे, चष्मा लागलाय, आणि परवापर्यंत आकडा तोच होता. मी काजू सोलायला जाते, किलोवर मजुरी. वाढ मागायला आधी एका खासगी वकिलाकडे गेले. आठ हजार घेतले आणि वर्षभर ‘पुढच्या आठवड्यात लावतो’ एवढंच. अर्ज दाखलच झालेला नाही, हे मला कारकुनाने रजिस्टर बघून सांगितलं. पायरीवर बसून रडत होते तेव्हा पट्टेवाल्या काकांनी समितीची खोली दाखवली.

१९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे बाईला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. पिवळं रेशनकार्ड लागेल असं मला वाटत होतं. आधार, जुन्या हुकुमाची नक्कल आणि साधा अर्ज, एवढ्यावर पॅनलच्या वकील मॅडम मिळाल्या. कोर्ट फी, टायपिंग, कशालाच पैसे पडले नाहीत.

मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं, “ताई, महागाई वाढली एवढं म्हणून भागत नाही. तेव्हापासून काय बदललं ते दाखवावं लागतं.” मग खर्चाची वही करायला लावली. शाळेची फी, क्लास, वह्या, चष्मा, प्रत्येकासमोर पावती. मी त्यात एसटीचा पासही लिहिला होता. मॅडमनी तिथेच रेघ मारली. अहिल्याबाई होळकर योजनेत मुलीला पास फुकट आहे, आणि एक खर्च खोटा निघाला की खऱ्यावरचाही विश्वास उडतो, म्हणाल्या. तो एक शब्द खोडल्यावर मला त्यांच्यावर भरवसा बसला.

आमचा अर्ज नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४६ खाली, जिथून मूळ हुकूम झाला त्याच कोर्टात लागला. पूर्वीच्या कायद्यात हेच कलम १२७ होतं. २०२० च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालापासून दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता, देणी यांचं शपथपत्र द्यावं लागतं. मजुरी लिहिली तर रक्कम कमी होईल अशी मला धास्ती होती. मॅडम म्हणाल्या, आहे ते सगळं लिहा.

मुलीच्या बापाने मात्र स्वतःला खलाशी लिहिलं, वर जून-जुलैच्या मासेमारी बंदीत कमाई नाही म्हणून सांगितलं. बंदरात सगळ्यांना ठाऊक आहे की होडी त्याच्याच नावावर आहे. पण माहीत असणं आणि कागद असणं वेगळं. होडीच्या मालकाला डिझेलचा परतावा मच्छीमार सोसायटीमार्फत येतो हे मी बोलता बोलता सांगितलं, तशा मॅडम ताठ बसल्या. सोसायटीचं रेकॉर्ड मागवायचा अर्ज दिला. कागद आला, नाव त्याचंच. उलटतपासणीत त्यांनी शांतपणे विचारलं, “दोन महिने बंदी. मग उरलेल्या दहा महिन्यांचं काय?” तो गप्प राहिला.

मध्येच त्याने मला निरोप धाडला होता, पोटगी वाढवून मागशील तर पोरीचा ताबा घेईन. दोन रात्री मी झोपले नाही. ताब्याचा अर्ज वेगळा असतो, त्यात मुलीचं हित बघतात, पोटगी मागितली म्हणून मुलगी जात नाही, हे मॅडमनी फोनवर दोनदा समजावलं. बायांनो, या धमकीला भिऊन घरी बसू नका. त्याने ताब्याचा अर्ज आजवर केलेला नाही.

आता कापलेला तारा. तीन तारखांना मॅडम दुसऱ्या कोर्टात अडकल्या आणि मला कोणी कळवलं नाही. एसटीला अर्धं तिकीट असलं तरी दिवसाची मजुरी बुडते. समितीने आदल्या दिवशी एक फोन करावा.

अकरा महिने लागले. सहा हजार झाले, अर्ज केला त्या तारखेपासून.

आणखी एक. पोटगी थकली तर देय झाल्यापासून वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज लावा, त्यानंतर वॉरंट निघत नाही. माझे जुने सात महिने असेच गेले. समितीचं कार्यालय सापडलं नाही तर विधी सेवेच्या १५१०० या हेल्पलाइनवर फोन करा.