सरपंच हटवायचा: अविश्वास ठराव की कलम 39?

थेट निवडून आलेल्या सरपंचाला महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 35 खाली हटवायचे तर हिशेब पक्का हवा. किमान दोन तृतीयांश सदस्यांच्या सह्यांची, विहित नमुन्यातली नोटीस थेट तहसीलदाराकडे द्यायची. ते सात दिवसांत सभा बोलावतात. ठरावाला तीन चतुर्थांश मते लागतात, आणि तीही हजर सदस्यांच्या नव्हे, मतदानाचा हक्क असलेल्या एकूण सदस्यांच्या. म्हणजे 11 असतील तर 9. बहुतेक ठराव इथेच आपटतात: सहलीला नेलेला एखादा सदस्य ऐनवेळी फिरतो. मते जुळली तरी ग्रामसभेत गुप्त मतदान उरतेच. निवडीनंतर पहिली दोन वर्षे आणि मुदतीचे शेवटचे सहा महिने हा मार्ग बंद.

कलम 39 ला मतांची गरज नाही, पुरावा लागतो: गैरवर्तन, कर्तव्यात कसूर वगैरे. चौकशी जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी करतात, आदेश विभागीय आयुक्तांचा. सरपंचाला बाजू मांडू दिली नाही तर आदेश कोर्टात टिकत नाही.

नुसते पटत नसेल तर 39 च्या वाटेला जाऊ नये. पैशांचा घोळ कागदावर दिसत असेल, तर मात्र सदस्य फोडण्यापेक्षा कॅशबुक आणि मोजमाप पुस्तिकेच्या (झालेल्या कामाच्या मापांची नोंदवही) प्रमाणित प्रती काढाव्यात.