कागद एका जीपचे, सांगाडा दुसरीचा

जुनी जीप घ्यावी आणि घरच्या अंगणात सवडीने एकेक भाग दुरुस्त करत ती पुन्हा उभी करावी, असा नाद ज्यांना आहे किंवा लागू पाहतो आहे, त्यांच्यासाठी हा अनुभव लिहीत आहे. या व्यवहारात माझे पावणेतीन लाख रुपये अडकले ही त्यातली लहान गोष्ट झाली. मोठी अडचण अशी की, माझ्या पडवीत आज सुटी होऊन पडलेली जीप कायद्याच्या दृष्टीने नेमकी कोणती, हे मलाच काय, परिवहन कार्यालयालाही सांगता येत नाही.

गाडी महिंद्राची एमएम ५४० होती आणि तिची नोंदणी १९९३ ची होती. महिंद्राने १९४७ पासून विलीज जीप मुंबईत जुळवायला सुरुवात केली आणि पुढे त्याच घराण्यात प्यूजोच्या परवान्यावर बनलेले २११२ सीसीचे डिझेल इंजिन घेऊन ही ५४० आली. या गाडीत इलेक्ट्रॉनिक असे काहीही नसल्यामुळे पाने, जॅक, ग्रीस गन आणि चिकाटी एवढ्यावर घरी बरेच काम होते, आणि सुटे भाग जुन्या बाजारात अजून मिळतात. एका जीपचे इंजिन दुसरीला, तिसरीचा गिअरबॉक्स चौथीला, असे या गाड्यांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. हाच जीपचा मोठा गुण आहे, आणि मला विकणाऱ्याने नेमका त्याच गुणाचा धंदा केला.

हा मनुष्य शेजारच्या जिल्ह्यात जुन्या जीप घेऊन विकण्याचे काम करतो. आरसी बुकावर नाव दुसऱ्याचे होते; त्या मालकाने सह्या केलेले, मालकी बदलण्यासाठीचे २९ आणि ३० नंबरचे फॉर्म आपल्याकडे आहेत, असे सांगून त्याने ते दाखवलेही. इंजिन नंबर आरसीशी जुळला. चासी म्हणजे गाडीचा सांगाडा; त्यावर ठोकलेल्या चासी नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासली, तर तोही अक्षरन्‌अक्षर जुळला. केंद्राच्या संकेतस्थळावर गाडी चोरीची म्हणून नोंदलेली नव्हती आणि तिच्यावर कर्जाचा बोजाही नव्हता. फक्त नोंदणीची मुदत संपून काही काळ लोटला होता. ‘‘साहेब, एवढं पासिंग तेवढं तुम्ही करून घ्या, त्याचे पैसे मी किमतीतून सोडतो,’’ असे तो म्हणाला आणि त्याने खरोखरच वीस हजार रुपये कमी केले. पंधरा वर्षांवरच्या खासगी मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५००० रुपये झाले आणि विलंबाचे दर महिन्याला ५०० रुपये वेगळे पडू लागले, हे ठाऊक असलेल्या कोणालाही ही सूट न्याय्यच वाटली असती. परंतु पासिंगला गाडी निरीक्षकासमोर उभी करावी लागते आणि तिथे चासी नीट पाहिली जाते. ते काम आपल्या हातून होऊ नये, यासाठी ही वीस हजारांची खैरात होती.

घरी आणल्यावर कामाला सुरुवात केली ती पत्र्यापासून. मडगार्डवर लोहचुंबक फिरवले तर ते निम्म्या जागी चिकटेना, कारण रंगाखाली बोटभर पुट्टी होती. जुन्या गाडीत एवढे चालायचेच, म्हणून त्याबद्दल तक्रार नाही. पुढच्या अॅक्सलची गोष्ट मात्र निराळी होती. विकताना त्याने फोर बाय फोरचा, म्हणजे चारही चाकांना जोर देणारा, दांडा टाकून दाखवला होता, गिअरचा आवाज बदलला होता, आणि खाली वाकून पाहिले तर पुढच्या अॅक्सलकडे जोर नेणारा प्रॉपेलर शाफ्टही फिरत होता. मी दोन्ही पुढची चाके जॅकवर घेऊन हब उघडले, तर आत ग्रीसचा गोळा आणि त्यामागे पोकळी. अॅक्सल शाफ्ट, म्हणजे चाकांना फिरवणारे दांडे, दोन्ही बाजूंचे काढून टाकलेले होते. या गाडीत पुढच्या चाकाचा भार स्पिंडलवरच्या बेअरिंगवर असतो, शाफ्टवर नसतो, त्यामुळे शाफ्ट नसले तरी चाक निवांत फिरते आणि रस्त्यावर कोणाला संशय येत नाही. आतले सांधे झिजले की दुरुस्ती महाग पडते, त्यापेक्षा शाफ्टच काढून विकलेले बरे, असा हा हिशेब. चिखलात किंवा भुसभुशीत चढावर एकदा गाडी घातली असती तर हे तिथल्या तिथे कळले असते; म्हणूनच चाचणीसाठी त्याने डांबरी रस्ता सोडू दिला नसावा.

इथपर्यंत मी ही नेहमीची लबाडी समजत होतो. शाफ्ट शोधू, बसवू, असे ठरवून बॉडी उचलली, पाटे सोडवले आणि सांगाडा उघडा करून वायर ब्रशने साफ करायला घेतला. चासी नंबर ठोकलेल्या भागाच्या अलीकडे रंगाखालून केसासारखी एक सरळ रेघ दिसली. तशीच दुसरी रेघ पलीकडेही होती. बाहेरून सर्व काही ग्राइंडरने इतके सफाईने एकसारखे केले होते की नखालाही खाच लागत नव्हती. सांगाड्याच्या पट्टीच्या आतल्या बाजूने मात्र ग्राइंडर पोचत नाही. तिथे बोट घातले तर वेल्डिंगचा ओबडधोबड वळ लागला. आरसा आणि बॅटरी धरून पाहिले तर तो वळ चारही बाजूंनी फिरून चौकोन पुरा करत होता. नंबर खोटा नव्हता. तो असलेला पत्र्याचा तुकडाच एका सांगाड्यातून कापून दुसऱ्या सांगाड्यात बसवला होता. पेन्सिलचा ठसा जुळणार नाही तर काय होईल?

आरसीवरच्या पत्त्यावर मूळ मालकाला भेटायला गेलो. ते वयस्कर शेतकरी होते. गाडीचा फोटो पाहून ते म्हणाले, ‘‘आमची जीप कधीच मोडीत घातली. ओढ्यात आपटून पुढनं वाकली होती, वजनावर दिली.’’ कागद त्यांनी भंगारवाल्याला तसेच देऊन टाकले होते. फॉर्मवरची सही आपली नाही, असेही त्यांनी सांगितले. नोंदणी रद्द करून घ्यायची असते, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

मग सगळा धंदा उलगडला. अपघातात वाकलेली, पण कागद शाबूत असलेली जीप मोडीच्या भावात मिळते. दुसरीकडे सांगाडा चांगला, पण कागदच नाहीत अशी जीपही स्वस्तात मिळते. ती चोरीची असेल, लिलावातली असेल किंवा कुठे बेवारस पडलेली असेल. पहिलीचे इंजिन आणि नंबराचा तुकडा दुसरीत घातला की दोन्ही मिळून एक ‘कागदपत्रं क्लिअर’ जीप तयार होते आणि तिची किंमत दोघींच्या बेरजेच्या कितीतरी पट होते. संकेतस्थळावरची तपासणी इथे निरुपयोगी ठरते, कारण तिथे शोध नंबरावरून होतो आणि नंबर एका प्रामाणिक गाडीचा असतो. ज्या गाडीचा सांगाडा आहे तिचा नंबर तर कापून फेकून दिलेला असतो.

विकणाऱ्याला विचारले तेव्हा त्याने सरळ कानावर हात ठेवले आणि स्टॅम्प पेपरवरचे वाक्य पुढे केले: ‘वाहन जसे आहे तसे स्वीकारले असून यापुढील जबाबदारी खरेदीदाराची राहील.’ हे वाक्य वाचून अनेक जण हाय खातात आणि गप्प बसतात. वकिलांनी सांगितले ते असे की, लपवलेल्या फसवणुकीला हे कलम पांघरूण घालू शकत नाही, आणि वस्तू विक्री अधिनियम, १९३० च्या कलम १४ प्रमाणे विकणाऱ्याला ती वस्तू विकण्याचा हक्क आहे, ही अट लिहिलेली नसली तरी व्यवहारात गृहीत असते. पोलीस ठाण्यात आधी ‘हे दिवाणी प्रकरण आहे’ असे उत्तर मिळाले. वेल्डिंगची छायाचित्रे आणि मूळ मालकांचा लेखी जबाब जोडल्यावर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली तक्रार घेतली गेली. विकत घेणाऱ्याने स्वतःहून तक्रार देणे याला महत्त्व आहे. अशी गाडी उद्या नाकाबंदीत पकडली गेली, तर ती माहीत असून वापरत होतो, असा आरोप आपल्यावर येऊ शकतो.

आता कोणी जुनी जीप पाहायला निघाले की मी त्यांना रंग आणि टायर सोडून आधी गाडीखाली झोपायला सांगतो. नंबराच्या दोन्ही बाजूंना वीतभर जागेवरचा रंग खरवडू द्या, असे विकणाऱ्याला म्हणावे. तो नको म्हणाला तर पाणी तिथेच मुरते आहे. पट्टीच्या आतून बोट फिरवावे. आरसीवरच्या मालकाला, तो हयात नसेल तर त्याच्या वारसांना, प्रत्यक्ष भेटावे. सह्या केलेल्या फॉर्मवर मुळीच विसंबू नये, कारण मालक मृत असेल तर फॉर्मच वेगळा लागतो, ३१ नंबरचा. परिवहन कार्यालयातून गाडीच्या नोंदीचा उतारा काढावा. मुदत संपलेली असेल तर पासिंग विकणाऱ्याच्या नावावर, त्याच्या खर्चाने होऊ द्यावे आणि तोवर विसाराच्या वर एक रुपया देऊ नये. किमतीत सूट मिळत असेल तर ती का मिळते आहे, हे दोनदा विचारावे.

आणि ज्यांच्या घरी अशी गाडी आधीच आली आहे, त्यांनी वेल्डिंग दिसल्यावर रागाच्या भरात ग्राइंडर चालवू नये, वाळूचा मारा करू नये, प्रायमरही मारू नये. कापलेला तुकडा बसवण्याऐवजी कोणी मूळ नंबर घासून नवा ठोकला असेल, तर ठोकताना दबलेल्या धातूचा ताण खाली खोलवर राहतो आणि न्यायसहायक प्रयोगशाळेत आम्ल लावून तो जुना नंबर पुष्कळदा वाचता येतो. वरचा थर जास्त खरवडला की ती संधी जाते. माझ्या सांगाड्यावर दुसरीकडे कुठे मूळ खूण उरली आहे का, हे पाहण्यासाठी त्याची तपासणी व्हायची आहे. तोवर इंजिन वेगळे बांधून ठेवले आहे आणि परिवहन कार्यालयाने नूतनीकरण नाकारल्याचे जे पत्र दिले, त्याची प्रत तक्रारीला जोडली आहे.