हॉलो की फ्लॅट? बेल्ट ग्राइंडरसाठी चाक घ्यावं की प्लेटनवर भागवावं

सुऱ्या घडवण्यासाठी बेल्ट ग्राइंडर, म्हणजे फिरत्या खरबरीत पट्ट्यावर पोलाद घासायचं मशीन, जमवायला घेतलं की सांगाडा, मोटर आणि व्हीएफडी (मोटरचा वेग कमीजास्त करणारं उपकरण) यांतच बहुतेकांचं बजेट संपतं. उरलेल्या पैशांत रबरी कॉन्टॅक्ट व्हील (बेल्टमागे फिरणारं मोठं चाक) घ्यायचं की प्लेटनवर (बेल्टमागची सपाट पोलादी पट्टी) भागवायचं, हे मग ठरवावं लागतं. आणि ते ठरलं की पुढची बरीच पाती हॉलो (बाजूंना आत खोलगट) होणार की फ्लॅट (बाजूंना सपाट), हेही ठरून जातं. माझ्याकडे आधी प्लेटन होतं, चाक मागाहून आलं. आज दोन्ही आहेत, पण मशीनवर बहुतेक वेळा चाकच चढवलेलं असतं. तुमची कामं वेगळी असतील तर तुमचा निर्णय उलटाही होऊ शकतो, म्हणून आधी चाकाच्या विरोधातलं सांगतो.

स्वयंपाकघरातली मोठी सुरी करायची असेल तर फ्लॅट. यात मला फारसा वाद दिसत नाही. हॉलो पात्याने लाल भोपळा कापून बघा. धार सहज आत शिरते, बेव्हल (धारेकडे उतरता घासलेला भाग) जिथे संपतो तो खांदा आला की पातं अडतं, आणि जोर लावला की भोपळा कापला न जाता तडकतो. जाड गाजराची चकतीही शेवटी टकदिशी फुटते. फ्लॅट पातं धारेपासून पाठीपर्यंत एकसारखं जाड होत जातं, त्यामुळे फोड सरळ उतरते.

शिवाय रुंद पात्याला हॉलो गणितातच बसत नाही. हॉलोची खोली म्हणजे ढोबळमानाने बेव्हलच्या उंचीचा वर्ग भागिले चाकाच्या व्यासाची चौपट. दहा इंची, म्हणजे २५४ मिमीच्या चाकावर ४० मिमी उंच बेव्हल घेतलात तर एका बाजूची खोली १.५७ मिमी भरते. दोन्ही बाजू धरल्या तर ३ मिमीची पट्टी मधोमध आरपार जाईल. काही कारागीर त्यासाठी खूप मोठ्या त्रिज्येचं वळणदार प्लेटन वापरतात. ३६ इंच त्रिज्येवर हीच खोली ०.२२ मिमीवर येते. पण तो पुढचा खर्च.

लहान पात्यावर मात्र चित्र पालटतं. बेव्हल २५ मिमीचा धरला तर आठ इंची चाकावर खोली ०.७७ मिमी, दहा इंचीवर ०.६२ आणि चौदा इंचीवर ०.४४. म्हणजे ४ मिमीची पट्टी घेऊन धारेपाशी ०.६ मिमी सोडलंत, तर दहा इंची चाकावर पात्याच्या मध्यावर साधारण १.०७ मिमी उरतं. तेच फ्लॅटमध्ये २.३ राहिलं असतं. धारेमागचं पोलाद असं पातळ राहिल्यामुळे कितीदा धार लावली तरी पातं लवकर बोथट-जाड होत नाही. न्हाव्याचा वस्तरा हॉलो असतो तो याचसाठी. अमेरिकेत सुऱ्यांचे कारागीर बॉब लव्हलेस यांनी शिकारीच्या ड्रॉप पॉइंट (पाठ टोकाकडे उतरत जाणाऱ्या) सुरीला हॉलोच दिला आणि जगभरच्या हौशी कारागिरांनी तो उचलला. फळं, मांस, दोरी, ट्रेकमधली किरकोळ कापाकापी यांना मला हॉलो जास्त आवडतो. लाकूड तासायला नाही. तिथे पातळ धार दबते.

एक सावधगिरी: ३ मिमीच्या पट्टीवर आठ इंची चाकाने २५ मिमीचा बेव्हल काढू नका. मध्यावर ०.२६ मिमी उरेल, म्हणजे धारेपेक्षाही पातळ.

पाणी देताना, म्हणजे तापवलेलं पातं बुडवून कडक करताना, वाकण्याचा धोका हॉलोला थोडा जास्त, कारण पातळ भाग मोठा असतो आणि तेलात बुडवल्यावर धार लाटेसारखी वळू शकते. मी आधी अर्धवट घासतो, पाणी देऊन टेंपर केलं (ठिसूळपणा घालवायला पुन्हा बेताने तापवलं) की उरलेलं काढतो. या दुसऱ्या टप्प्यात चाक बरं पडतं. प्लेटनवर बेल्ट पोलादी पट्टीवर सतत घासत जातो, पट्टी स्वतः तापते आणि पात्याचा सबंध पृष्ठभाग एकदम टेकतो. चाक बेल्टबरोबर फिरतं आणि टेकतो तो एक अरुंद पट्टा. २०० अंशांच्या आसपास टेंपर केलेलं ईएन ३१ (बेअरिंगचं पोलाद) धारेवर निळं पडलं, तर ती जागा ३०० अंशांच्या घरात गेली म्हणून समजा. तिथला कडकपणा उतरला. पाण्याची बादली दोन्हीकडे लागतेच, पण चाकावर ती कमी वेळा आठवते असा माझा अनुभव. बेल्टच्या सांध्याचा धक्काही रबरात जिरतो, प्लेटनवर तो पात्यात उमटतो.

हे सगळं खरं असलं तरी माझा कौल यावर लागला नाही. तो लागला बेल्ट बदलण्यावर.

समजा, प्लेटनवर ६० नंबरच्या बेल्टने (नंबर जितका मोठा तितका बेल्ट बारीक) तुम्ही दोन्ही बाजूंचे बेव्हल आखलेल्या रेघेपर्यंत आणले, प्लंज लाइन (मुठीकडे बेव्हल जिथे थांबतो ती रेघ) समोरासमोर जुळवली. आता १२० चढवायचा. पातं पुन्हा टेकवताना तोच कोन हाताला सापडायला हवा, आणि तो तसाच सापडत नाही. किंचित फरक पडला की नवा बेल्ट बेव्हलचा वरचा अर्धाच भाग चमकवतो, खालचा तसाच खरबरीत राहतो, आणि मधून केसाएवढी एक रेघ लांबीभर दिसते. उजेडात पातं फिरवलं की ती नेमकी डोळ्यांत भरते. ती घालवायला घासत राहिलात की बेव्हल पाठीकडे सरकतो. मग दुसरी बाजू खाली राहिलेली दिसते, म्हणून तीही वर न्यायची. ती जरा जास्त गेली की पुन्हा पहिली. लोण्याची वाटणी करणाऱ्या माकडासारखं दोन्हीकडचं थोडं थोडं खात राहायचं. २२० ला हाच खेळ, ४०० ला पुन्हा.

जिग (पातं ठरावीक कोनात धरणारा साचा) लावला की हा त्रास बराच कमी होतो, हे मान्य. पण टोकाकडच्या वळणावर जिग माझ्या हाताला अडतो, आणि मला पातं हातात धरूनच घासायला आवडतं.

चाकावर हे जवळजवळ होत नाही. ६० ने पाडलेली खोबण चाकाच्याच वळणाची असते. बेल्ट बदलून पातं टेकवलं की ती आपसूक बसते, आणि बसली की हाताला कळतं. पातं डगमगायचं थांबतं आणि आवाज खरखरीतून एकसुरी सूं असा होतो. मग कोपर बरगड्यांना लावून कमरेतून सरकायचं, हाताने ओढायचं नाही. अवघड असते ती पहिली खोबण. धारेच्या कडेवर ४५ अंशांचा उतार आधी पाडून घेतला तर तीही जमते. टोकाशी मूठ थोडी उचलावी लागते, नाहीतर टोक पातळ होतं.

हॉलोची खरी कटकट हाताने पॉलिश करताना येते. सपाट ठोकळ्याला पॉलिश पेपर गुंडाळून फ्लॅट बेव्हल छान उतरतो. हॉलोमध्ये तोच ठोकळा फक्त दोन कडांना टेकतो आणि खोबणीतले बेल्टचे उभे ओरखडे तसेच राहतात. मी २५० मिमी बाहेरच्या व्यासाच्या पीव्हीसी पाइपचा तुकडा कापून त्यावर चामड्याची पट्टी चिकटवली आहे. दहा इंची चाकाच्या वळणाशी ती जवळजवळ जुळते. तरी फ्लॅटइतकं झटपट काम होत नाही. आरशासारखी चकाकी हवी असणाऱ्यांनी हे लक्षात ठेवूनच चाकाकडे वळावं. मला बेल्टचीच चाल आवडते, त्यामुळे ४०० नंबरवर थांबलो तरी चालतं.

घेणारच असाल तर आठ इंचीचा मोह नको. दहा किंवा बारा इंची, वरून गुळगुळीत, रबराचा कडकपणा ७० शोरच्या (रबर मोजायच्या मापाच्या) आसपास. खाचा असलेली चाकं माल लवकर काढतात, पण बारीक बेल्टवर त्यांची थरथर पात्यात दिसते. छपाईच्या रोलरवर रबर चढवून देणारे औद्योगिक वसाहतींत सापडतात, त्यांच्याकडूनही चाक करून घेता येतं. मात्र रबर चढल्यावर ते लेथवर ट्रू (एकसारखं गोल) करून आणि बॅलन्स करूनच घ्या. मोकळं फिरवून सांगाड्यावर तळवा ठेवला की बॅलन्सचा अंदाज येतो.

आणि चाक आलं म्हणून प्लेटन विकू नका. पात्याचा आकार काढायला आणि मुठीपुढचा बिनधारेचा भाग (रिकासो) सपाट करायला ते लागतंच. शिवाय घरच्यांकडून भाजीच्या सुरीची मागणी आज ना उद्या येणारच.