दातातली 'कीड' काढून देणाऱ्यांपासून सावध राहा

माझ्या वडिलांची खालची दाढ ठणकत असताना, पुण्याच्या जुन्या बाजारात जडीबुटी विकायला बसलेल्या एका माणसाने त्यांच्याकडून 1,800 रुपये काढले. त्याची पद्धत अशी की आधी पैशांचा विषयच काढायचा नाही. निखाऱ्यावर तापवलेल्या पत्र्यावर त्याने तेलात घोळवलेले बी टाकले, त्याचा धूर नळीने दाढेपाशी सोडला आणि पाण्याने भरलेल्या ताटलीवर तोंड धरायला लावले. थोड्याच वेळात पाण्यावर पांढरे, वाकडे, सुतासारखे काहीतरी तरंगू लागले. मग 'दर किड्यामागे 100 रुपये' हा भाव त्याने सांगितला आणि 13 किडे मोजून दाखवले. उरलेले 500 रुपये 'अस्सल लवंग तेला'च्या बाटलीचे आणि पुन्हा कीड झाल्यास घरी धुरी घेण्यासाठी दिलेल्या बियांच्या पुडीचे होते.

ती पुडीच त्याला नडली. आमच्या दंतवैद्यांनी ते बी रिंगणीचे असल्याचे ओळखले आणि घरी तव्यावर तापवून पाहायला सांगितले. शेजारी पाण्याची ताटली ठेवून आम्ही बी तापवले, तेव्हा कोणाच्याही तोंडाचा संबंध नसताना तेच 'किडे' पाण्यात पडले. बियांच्या आत गुंडाळलेला अंकुर उष्णतेने बाहेर फेकला जातो, एवढीच ही करामत आहे. दात किडतो तो अळीमुळे नव्हे. तोंडातले जिवाणू साखरेपासून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दात पोखरते.

तेलाचा प्रकार अधिक त्रासदायक ठरला. लवंग तेलातले युजेनॉल शिरेला काही काळ बधिर करते, त्यामुळे वडिलांना पहिल्या रात्री झोप लागली आणि त्या माणसावरचा त्यांचा विश्वास आणखी वाढला. मात्र तेच तेल ते बोटाने हिरडीवर चोळत राहिले आणि हिरडी पांढरी पडून तिचा पापुद्रा सुटला. शुद्ध लवंग तेलानेही असे पोळते, आणि या बाटलीत तर काय काय होते कोण जाणे! आयुर्वेदिक औषधाच्या वेष्टनावर घटक, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि निर्मितीची तारीख छापलेली असावी लागते. या बाटलीवर फक्त एका देवाचे चित्र होते. अशा बाटलीची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते.

लवंगेला माझा आक्षेप नाही. दंतवैद्यही तात्पुरत्या सिमेंटमध्ये युजेनॉल वापरतात. घरी वापरायचेच असेल तर लेबल असलेल्या तेलाचा एखादा थेंब चमचाभर खोबरेल तेलात मिसळून, कापसाच्या लहान बोळ्याने फक्त दुखऱ्या दातावर टेकवावा, तेल गिळू नये आणि लहान मुलांना तर ते मुळीच लावू नये, कारण पोटात गेल्यास त्यांच्या यकृताला इजा होऊ शकते. कोमट पाण्यात मीठ घालून केलेल्या गुळण्या याहून निर्धोक आहेत. ॲस्पिरिनची गोळी दाढेत धरून ठेवण्याचा सल्लाही अनेक घरांत दिला जातो. तिनेही हिरडी भाजते. ठणका कमी व्हावा म्हणून मिश्री लावण्याची सवय तर सरळ तंबाखूची सवय आहे.

आमचे खरे नुकसान पैशांचे नव्हते. काही दिवसांनी ठणका आपोआप थांबला, तेव्हा गुण आला असे वडिलांना वाटले. प्रत्यक्षात दाढेतली नस मेली होती आणि मुळाशी पू साठत होता. गाल सुजल्यावर कोणी शेकायला सांगितले, तेही चुकीचेच. वेळेत रूट कॅनाल झाले असते तर वाचली असती, अशी ती दाढ शेवटी काढावी लागली. खर्चाच्या धास्तीने लोक अशा माणसांकडे वळतात हे मी समजू शकतो, पण ससून रुग्णालयात आणि शहरातल्या दंत महाविद्यालयांत माफक खर्चात तपासणी होते. दुखणे एक-दोन दिवसांपलीकडे लांबले तर तेथे जावेच. गाल किंवा गळा सुजणे, ताप येणे, तोंड उघडायला किंवा गिळायला त्रास होणे, यांपैकी काहीही दिसले तर मात्र घरगुती उपाय थांबवून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.